जुना टेप न काढता गाडीत ब्लूटूथ

आमच्या मारुती ८०० मध्ये बाबांनी बसवून घेतलेला कॅसेटचा टेप अजून आहे. कप्प्यात पाच-सहा कॅसेटा आहेत. दोन भीमगीतांच्या, एक भारुडांची, आणि एक कोऱ्या कॅसेटवर घरीच भरलेली, आजीच्या जात्यावरच्या ओव्यांची. परभणी-जिंतूर रस्त्याने जाताना मला मोबाइलवरचीही गाणी ऐकायची असतात. टेप काढून अँड्रॉइड स्क्रीन बसवा, असं भेटेल तो सांगत होता. मी टेप ठेवला आणि त्यालाच ब्लूटूथ जोडलं. आता एका बटणावर फोन वाजतो, दुसऱ्या बाजूला ओव्या वाजतात.

हे काम कसं करायचं ते इथे सांगतोय, आणि ज्यांनी आजवर सोल्डर मारलेलंच नाही त्यांना समोर धरून सांगतोय. एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्या. या कामात ब्लूटूथ जोडणं सगळ्यात सोपं आहे. कस लागतो तो त्याला स्वच्छ वीज देण्यात आणि त्याचा अर्थ, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणारी जोडणी, योग्य जागी घेण्यात. नवीन माणूस आठ दिवस ब्लूटूथचं मॉड्यूल, म्हणजे तयार छोटा बोर्ड, निवडण्यात घालवतो आणि वायर मात्र हाताला लागेल तिथे जोडतो. मग गाडी रेस केली की स्पीकरमधून कुईंऽऽ असा आवाज चढत जातो, आणि दोष मॉड्यूलला दिला जातो.

आधी आपला टेप ओळखा

टेपच्या तोंडावर किंवा मागे ऑक्सचं, म्हणजे बाहेरचा आवाज आत घ्यायचं, भोक असेल तर तुमचं निम्मं काम झालं. टेप उघडायची गरज नाही, ब्लूटूथचा आवाज ३.५ मिलिमीटरच्या पिनने तिथे द्या आणि थेट विजेच्या भागाकडे वळा.

ऑक्स नसेल तर व्हॉल्यूमचं बटण फिरवून बघा. ते एका टोकाला सुरू होऊन दुसऱ्या टोकाला अडत असेल, तर आत खरा व्हॉल्यूम कंट्रोल आहे, ज्याला दुकानात 'पॉट' म्हणतात. हा टेप आपल्या कामाचा. बटण गोल गोल फिरतच राहत असेल किंवा आवाज दाबायच्या बटणांनी कमी-जास्त होत असेल, तर आवाजाचं नियंत्रण आतल्या आयसीकडे, म्हणजे चिपकडे, आहे. तो टेप पहिल्याच प्रयत्नात उघडू नका. त्यासाठी कॅसेटच्या आकाराचा, पिनवाला अडॅप्टर मिळतो. मात्र त्याला टेपची यंत्रणा फिरती लागते. आतला रबरी बेल्ट कडक झाला असेल तर टेप अडॅप्टर बाहेर फेकतो.

सिगारेट लायटरमध्ये बसणारा एफएम ट्रान्समीटर हा तिसरा मार्ग. पाच मिनिटांत काम होतं, पण आवाज पातळ येतो आणि शहराजवळ एखादं स्टेशन त्याच्यावर चढतं. चालतंय म्हणून चालवायचं असेल तर ठीक.

काय काय लागेल

नांदेडच्या वजिराबादेत, लातूरच्या गंजगोलाईच्या आसपास किंवा संभाजीनगरात पैठण गेटच्या बाजूला चौकशी केलीत तर मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून बरंचसं मिळेल. उरलेलं ऑनलाइन.

ब्लूटूथचं छोटं स्टिरिओ मॉड्यूल घ्या, ५ व्होल्टवर चालणारं, फक्त लाइन आउट (ॲम्प्लिफायरला द्यायचा कमी ताकदीचा आवाज) असलेलं. स्वतःचा ॲम्प्लिफायर असलेलं घेऊ नका. तुमच्या टेपमध्ये ॲम्प्लिफायर आहे, आणि तो बहुधा अजून ठणठणीत असतो. कॅसेटच्या टेपमध्ये थकतात ते बेल्ट आणि रबरी रोलर. विजेसाठी गाडीच्या व्होल्टचे ५ व्होल्ट करणारा ७८०५ हा रेग्युलेटर त्याच्या छोट्या हीटसिंकसह (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा), एकाच दिशेने वीज जाऊ देणारा एक १एन४००७ डायोड, व्होल्टेजचा धक्का अडवणारा पी६केई१८ए हा टीव्हीएस डायोड, १००० मायक्रोफॅरड ३५ व्होल्टचा कपॅसिटर, ०.३३ आणि ०.१ मायक्रोफॅरडचा एक-एक, आणि १ अँपिअर फ्यूज होल्डरसकट. आवाजाच्या बाजूला १ मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर, सहा पायांचा टॉगल स्विच आणि मीटरभर शील्ड वायर (आतल्या तारेभोवती जाळी असलेली). शिवाय झिरो पीसीबी (भोकांचा कोरा बोर्ड), जोडांवर चढवायची स्लीव्ह, २५ वॉटची सोल्डरिंग आयर्न, सोल्डर, आणि मल्टिमीटर. मल्टिमीटरवर पैसे वाचवायला जाऊन कंटिन्युइटीची, म्हणजे दोन टोकं एकमेकांना जोडलेली आहेत हे सांगणारी, बीप नसलेला घेऊ नका. या कामात ती बीप शंभर वेळा लागते.

सोल्डरचा सराव आधी टाकाऊ वायरींवर करा. नवखा माणूस सोल्डर वितळवून वायरवर टाकतो. उलटं करायचं: आयर्नने जोड तापवायचा आणि सोल्डर त्या तापलेल्या जोडाला लावायचं. ते पाण्यासारखं पसरलं तर डाग पक्का. गोळी होऊन बसलं तर तो जोड खड्ड्यांच्या रस्त्यावर महिन्याभरात सुटणार.

टेप बाहेर काढणं

बॅटरीचा निगेटिव्ह आधी सोडवा आणि सगळ्यात शेवटी जोडा. पॉझिटिव्ह आधी सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर बॅटरी त्या पान्यातूनच शॉर्ट होते. परदेशी बनावटीच्या काही टेपना वीज तोडली की कोड मागायची सवय असते, तो कागद घरात आहे ना ते आधी बघा. आणि गाडीला एअरबॅग असेल तर पिवळ्या कनेक्टरना हात लावू नका.

बऱ्याच टेपच्या दोन्ही बाजूंना पट्टीसारख्या चाव्या घालून तो ओढून घ्यायचा असतो. ही एक-डिन मापाची जागा, म्हणजे साधारण १८० बाय ५० मिलिमीटर. टेप निघाला की मागच्या वायरींचा मोबाइलने फोटो काढा, मगच काही सोडवा.

वायरींचे रंग बाजारातल्या टेपना सहसा असे असतात: पिवळी म्हणजे कायमची १२ व्होल्ट, लाल म्हणजे चावी फिरवल्यावर येणारी, काळी अर्थ, निळी अँटेनाची. पांढरी पुढचा डावा स्पीकर, राखाडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा, आणि त्याच रंगावर काळी रेघ म्हणजे त्या स्पीकरचा निगेटिव्ह. 'सहसा' म्हणालो, कारण जुन्या गाडीत मध्ये कुणी कुणी हात घातलेला असतो. निगेटिव्ह थोडा वेळ परत जोडून मल्टिमीटरने बघा. चावी बंद असताना पिवळीवर १२.६ च्या आसपास आणि लालवर शून्य, चावी फिरवली की दोन्हीवर वीज. चालू इंजिनवर आकडा १३.८ ते १४.४ दिसतो. मग निगेटिव्ह पुन्हा सोडवा.

स्पीकरचा निगेटिव्ह बॉडीला कधीही जोडू नका. खूप जुन्या टेपना ते चालायचं, पण नंतरच्या ॲम्प्लिफायरमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींवर व्होल्टेज असतं. अर्थला टेकवलीत तर आयसी जातो.

वीज: इथे वेळ घालवा

आपली वीज लाल वायरीवरून घ्यायची. पिवळीवरून घेण्याचा मोह होतो, कारण मग ब्लूटूथ कायम चालू राहतं. हिशेब करा. मॉड्यूलने ३० मिलिअँपिअर जरी घेतले तरी दिवसाला सुमारे ०.७ अँपिअर-तास. ३५ अँपिअर-तासाची छोट्या गाडीची बॅटरी साधारण साडेतीन आठवड्यांत अर्ध्यावर येते. आपल्याकडे गावातली गाडी लग्न-बाजाराशिवाय पंधरा-पंधरा दिवस जागची हलत नाही, आणि दवाखान्यात निघायच्या वेळी ती चालू व्हायलाच हवी.

जोडणीचा क्रम असा. लाल वायर, लगेच फ्यूज. फ्यूज वायरीच्या सुरुवातीला पाहिजे, शेवटी नाही. मधे वायर सोलली गेली तर तिला वाचवणारा तोच आहे. फ्यूजनंतर टीव्हीएस डायोड, रेघेची बाजू पॉझिटिव्हला आणि दुसरी अर्थला. गाडीची वीज घरच्या अडॅप्टरसारखी शांत नसते. अल्टरनेटर चालू असताना बॅटरीचं टर्मिनल ढिलं होऊन सुटलं तर काही क्षण नेहमीच्या कितीतरी पट व्होल्टांचा धक्का येतो. ७८०५ सहन करतो ३५ व्होल्टपर्यंत, आणि हा टीव्हीएस धक्क्याला २५ च्या आसपास धरून ठेवतो. वायरी उलट्या लागल्या तर तोच फ्यूज उडवतो. त्यापुढे १एन४००७ सरळ मार्गात, रेघ ७८०५ च्या दिशेने. मग १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, त्याच्या शेजारी ०.३३ चा, मग ७८०५. अक्षरं आपल्याकडे धरली की डावा पाय इन, मधला अर्थ, उजवा आउट. आउटवर ०.१ चा कपॅसिटर. झाले ५ व्होल्ट.

१४.४ व्होल्टचे ५ करताना उरलेले व्होल्ट ७८०५ उष्णतेत घालवतो. १०० मिलिअँपिअरला ती उष्णता एक वॉटच्याही आत राहते, छोटा हीटसिंक पुरतो.

एलएम२५९६ चा तयार बक कन्व्हर्टर (भराभर चालू-बंद होत व्होल्ट कमी करणारा बोर्ड) स्वस्त मिळतो, गरमही कमी होतो. मग तो का नको? दोन कारणं. एक, त्याचं आउटपुट आधी स्क्रू फिरवून ५ व्होल्टवर आणावं लागतं. स्क्रू कितीतरी वेढे फिरवला तरी आधी आकडा हलत नाही, मग अचानक हलतो. मी न मोजता मॉड्यूल जोडलं होतं. आउटपुटला १२ होते, मॉड्यूल जागेवर गेलं. दुसरं कारण रेडिओचं. एलएम२५९६ सेकंदाला सुमारे दीड लाख वेळा चालू-बंद होतो, म्हणजे १५० किलोहर्ट्झ, आणि त्याच्या पटींत खरखर पसरवतो. नऊ पट म्हणजे १३५०. प्रत्येक तुकड्याचा आकडा थोडा इकडेतिकडे असतो, आणि परभणी आकाशवाणी मध्यमलहरींवर १३०५ किलोहर्ट्झला लागते. माझ्या गाडीत बक चालू केला की बातम्या खरखरीखाली गाडल्या जात. ७८०५ असं काही करत नाही.

फोन चार्ज करायला २ अँपिअर लागतात, तिथे मात्र ७८०५ चं काम नाही. चार्जर वेगळा घ्या. चार्जरच्याच ५ व्होल्टवर ब्लूटूथ चालवाल तर फोन लावताच आवाजात गुणगुण येईल.

टेप उघडून आवाज आत सोडणं

वरचं झाकण काढा आणि व्हॉल्यूमच्या बटणामागे पॉट शोधा. स्टिरिओ आहे म्हणून त्याला तीन-तीन पायांच्या दोन ओळी असतात. काहींना लाउडनेससाठी एकेक जास्तीचा पाय असतो, त्याला गोंधळू नका.

टेपला वीज नसताना मल्टिमीटर ओहमवर लावा. बटण फिरवताना ज्या दोन पायांमधला आकडा बदलत नाही, ती पॉटची दोन टोकं. उरलेला पाय मधला. दोन टोकांपैकी जे टेपच्या पत्र्याशी बीप देतं ते अर्थ. दुसरं टोक म्हणजे रेडिओ किंवा कॅसेटचा आवाज जिथून पॉटमध्ये शिरतो ते. आपल्याला हेच हवं, डाव्याचं एक आणि उजव्याचं एक.

या टोकाकडे येणारी तांब्याची रेघ ब्लेडने दोन मिलिमीटर कापा, दोन्ही चॅनलची. कापलेल्या दोन्ही बाजू आता बीप देत नाहीत ना ते तपासा. टॉगल स्विचचे मधले दोन पाय पॉटकडे. एका बाजूचे दोन पाय कापलेल्या रेघेच्या पलीकडे, म्हणजे जुन्या आवाजाकडे. दुसऱ्या बाजूचे दोन ब्लूटूथकडे, पण मधे प्रत्येकी १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. तो आवाज जाऊ देतो आणि मॉड्यूलचं डीसी व्होल्टेज अडवतो. कपॅसिटर ध्रुवाचा नसलेला घ्या, म्हणजे उलट-सुलट हा प्रश्नच येत नाही. सगळीकडे शील्ड वायर. तिची जाळी पॉटच्या अर्थला.

या पद्धतीत टेपचं मूळ काम जसंच्या तसं राहतं. स्विच एकीकडे केला की रेडिओ-कॅसेट, दुसरीकडे केला की फोन. झाकण उघडं आहेच तर पॉटच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारा आणि बटण वीस-तीस वेळा फिरवा. आपल्या काळ्या मातीची धूळ आत बसलेली असते, व्हॉल्यूम फिरवताना येणारी खरखर बहुतेक तिचीच.

मॉड्यूल टेपच्या पत्र्याच्या डब्यात बंद करू नका. त्याच्या कडेला नागमोडी रेघ दिसते, ती त्याची अँटेना. पत्र्याच्या आत गेली की फोन पुढच्या सीटवर असूनही आवाज तुटतो. डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकमागे ठेवलं की मागच्या सीटवरूनही नीट चालतं.

आधी टेबलावर, मग गाडीत

सीसीटीव्हीचा १२ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर कमी आवाजावर तपासायला पुरतो. लोडशेडिंगमुळे घरात इन्व्हर्टरची बॅटरी असतेच आणि तीच वापरावीशी वाटते. वापरा, पण फ्यूजशिवाय नाही. शॉर्ट झाल्यावर ती बॅटरी शेकडो अँपिअर देऊ शकते, वायर लालबुंद होते.

मॉड्यूल जोडण्याआधी ७८०५ च्या आउटवर ५ व्होल्ट मोजा. मग मॉड्यूल, मग एक जुना स्पीकर. स्पीकरवर ४ ओहम लिहिलेलं असतं, मल्टिमीटरवर ३.२ ते ३.८ च्या आसपास दिसतं, आणि ते बरोबरच आहे. दोन तास वाजू द्या आणि ७८०५ ला हात लावून बघा. चटका बसला तर हीटसिंक वाढवा.

आवाज फाटत असेल तर मॉड्यूलचं आउटपुट टेपला जास्त होतंय. फोनचा आवाज कमी करणं हा तात्पुरता उपाय. खरा उपाय म्हणजे प्रत्येक चॅनलला १० किलोओहमचा रेझिस्टर सरळ मार्गात आणि त्यापुढे ४.७ किलोओहमचा अर्थला. आवाज एक-तृतीयांशाच्या आसपास येतो.

कुईंऽऽ आला तर

बसवून झालं, इंजिन चालू केलं आणि रेसबरोबर चढणारा आवाज आला, तर काही सोडवण्याआधी एक परीक्षा करा. मॉड्यूलची गाडीची वीज पॉझिटिव्ह आणि अर्थ दोन्ही बाजूंनी सोडवा आणि त्याला पॉवर बँकवर चालवा. कुईं गेला, तर वीज किंवा अर्थ दोषी. राहिला, तर तो आधीपासून टेपमध्येच आहे, आणि टेपची स्वतःची काळी वायर गंजलेल्या स्क्रूला आहे का ते बघायचं.

गेला असेल तर मॉड्यूलचा अर्थ कुठे घेतलाय ते बघा. बॉडीच्या भलत्या स्क्रूवर घेतला असेल तर तो काढून टेपच्या काळ्या वायरीच्याच जागी आणा. बॉडीच्या दोन ठिकाणांमध्ये मिलिव्होल्टांचा फरक असतो आणि ॲम्प्लिफायर तोच फरक मोठा करून ऐकवतो. एवढ्यानेही गेला नाही तर बी०५०५एस हा चार पायांचा छोटा कन्व्हर्टर ७८०५ आणि मॉड्यूलच्या मधे टाका. तो ५ व्होल्ट घेऊन ५ व्होल्टच देतो, पण दोन्ही बाजूंचे अर्थ वेगळे ठेवतो, आणि देऊ शकतो २०० मिलिअँपिअर. मग मॉड्यूलचा अर्थ फक्त शील्ड वायरीच्या जाळीतून जातो, दोन वाटांनी जुळलेल्या अर्थचा फेरा तुटतो. माझ्या गाडीत यानेच शांतता झाली.

मे महिना डोळ्यासमोर ठेवून बसवा

बाहेर ४२-४४ अंश असताना उन्हात उभ्या बंद गाडीचा डॅशबोर्ड ७० च्या घरात जातो. ग्लू गनचा गोंद मऊ पडतो, दुहेरी चिकटपट्टी सुटते, आणि मॉड्यूल आत कुठेतरी लोंबकळून पत्र्याला टेकतं. पीसीबीला भोकं पाडून स्क्रूनेच बसवा. कपॅसिटर १०५ अंशांचे मागून घ्या, अंगावर लिहिलेलं असतं, ८५ चे नकोत. लिथियमची बॅटरी असलेलं कोणतंही उपकरण डॅशबोर्डमध्ये कायमचं बसवू नका, स्वस्त मिळालं तरी.

हात बसला असेल तर ईएसपी३२

तयार मॉड्यूलचं नाव बदलत नाही आणि चालू होताना ते इंग्रजीत बोलतं. हे नको असेल तर ईएसपी३२ (प्रोग्राम करता येणारा, ब्लूटूथ असलेला बोर्ड) आणि पीसीएम५१०२ए डॅक (डिजिटल आकड्यांचा आवाज करणारा बोर्ड) मिळून स्वतःचा रिसीव्हर बनतो. फोनमध्ये गाडीचं नाव तुम्ही द्याल ते दिसतं. घेताना जुना मूळ ईएसपी३२ घ्या. एस३ आणि सी३ नवीन असले तरी त्यांत फक्त लो एनर्जी ब्लूटूथ आहे, फोनची गाणी त्यावर येत नाहीत. अर्डुइनो या प्रोग्राम लिहायच्या साधनातल्या ए२डीपी (ब्लूटूथवरून गाणी घेण्याच्या) लायब्ररीत ठरलेल्या पिना २६, २५ आणि २२ अशा आहेत: बिट क्लॉक, वर्ड सिलेक्ट, डेटा. डॅकच्या बोर्डवरची एससीके पिन अर्थला जोडायला विसरू नका, नाहीतर आवाजच येत नाही आणि माणूस प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतो. हा डॅक २.१ व्होल्ट देतो, म्हणून वर सांगितलेली १० आणि ४.७ किलोओहमची जोडी इथे लावावीच लागते.

टेप परत आत सरकवण्याआधी एक कागद घ्या. कोणत्या रंगाची वायर कुठे गेली, फ्यूज किती अँपिअरचा आणि कुठे आहे, रेघा कुठे कापल्या, काम कोणत्या तारखेला केलं, हे मराठीत स्वच्छ लिहा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि कॅसेटांच्या कप्प्यात ठेवा. उद्या गाडी कुठल्यातरी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे उघडली जाईल, तेव्हा त्याच्या हातात तो कागद द्या.